परफॉर्मन्स एसयूव्हीची उंची कच्च्या रस्त्यासाठी वाढवायचीय?

आधी टायर बघा, स्प्रिंग नंतर. रिम एक इंच लहान आणि टायरची साइडवॉल (रिमच्या बाहेरची रबरी बाजू) उंच घेतली की खड्डे निम्मे तिथेच जिरतात, फक्त या गाड्यांचे ब्रेक मोठे असतात त्यामुळे लहान रिम कॅलिपरला (ब्रेक डिस्कवर बसणाऱ्या पकडीला) घासत नाही ना हे आधी बघून घ्या. टायरचा व्यास २० मिमी वाढला तर गाडी १० मिमीच उचलली जाते बरं का.

मग स्पेसर (स्प्रिंगला जोडून बसणारी उंची वाढवणारी चकती) किंवा उंच स्प्रिंग, पण २५-३० मिमीवर थांबा, त्यापुढे ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, लवकर जातो. सस्पेन्शन आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल टाइट करा, नाहीतर बुश पिळून फाटतात. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर हाइट सेन्सर कॅलिब्रेट करावा लागतो. शेवटी चाकांचं अलाइनमेंट, हेडलाइटचा झोतपण खाली करा.