पीएचपी-मायएसक्यूएल शिकताय? डेटा नासवणाऱ्या या चुका टाळा

पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत सेमीकोलन राहिला तर पेज लगेच बोंब मारतं. तो टाकला की विषय मिटला. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमधली चूक मात्र गुपचूप साठत जाते. महिन्याभराने कोड सुधारला तरी आधीच्या नोंदी नासलेल्याच राहतात. त्यामुळे लालभडक एररपेक्षा मला या मुक्या चुकांची भीती जास्त.

मराठीत काम करणाऱ्याला पहिला झटका बसतो तो प्रश्नचिन्हांचा. फॉर्ममध्ये ‘नमस्कार’ लिहिलं, सेव्ह केलं, टेबल उघडलं तर आत ‘???????’. मोजून सात, कारण न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात कोड पॉइंट (कॉम्प्युटर वेगळी मोजतो ती चिन्हं) त्यात आहेत. टेबल जुन्या ‘लॅटिन १’ कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) बनलंय आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. हा मजकूर गेला, परत येत नाही. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचा डेटा अडवणारं सेटिंग, चालू असेल तर मायएसक्यूएल असा मजकूर घ्यायलाच नकार देतं, म्हणून तो कटकट वाटला तरी बंद करू नका.

दुसरा प्रकार जास्त फसवा. तुमच्या पेजवर मराठी छान दिसते, पण पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून टेबल बघायच्या टूलमध्ये) टोपीवाली-टिंबवाली रोमन अक्षरं. इथे टेबल ठीक असतं, पीएचपी आणि डेटाबेसमधलं कनेक्शन ‘लॅटिन १’ असतं. लिहिताना झालेला गोंधळ वाचताना उलटा होऊन झाकला जातो. हा डेटा बहुतेक वेळा वाचवता येतो, फक्त आधी बॅकअप घ्या.

उपाय एकच: टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’. नुसतं ‘यूटीएफ८’ नको. मायएसक्यूएलमध्ये त्या नावाखाली अक्षराला तीनच बाइट मिळत आलेत. देवनागरी तेवढ्यात बसते, इमोजीला चार लागतात. मायएसक्यूएल ८.० पासून ‘एमबी४’ डिफॉल्ट आहे, पण आधी बनलेली टेबलं आपोआप बदलत नाहीत. आणि हो, ‘नमस्कार’ची लांबी पीएचपीचं बाइट मोजणारं ‘स्ट्रलेन’ २१ सांगतं, कोड पॉइंट मोजणारं ‘एमबी_स्ट्रलेन’ ७. नाव ५० अक्षरांत हवं अशी अट ‘स्ट्रलेन’ने घातलीत तर साधं पूर्ण नावही नाकारलं जाईल.

‘अपडेट’मध्ये कुठली रो बदलायची ते सांगणारं ‘वेअर’ विसरणं सगळ्यांना माहीत असतं, तरी होतं. एका मंडळाच्या वर्गणीच्या यादीत मला एकच फोन नंबर बदलायचा होता. ‘वेअर’ खालच्या ओळीवर होतं, मी वरच्याच ओळी सिलेक्ट करून रन केल्या. सगळ्या घरांना एकच नंबर! तेव्हापासून आधी ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’, मग किती रो बदलल्या ते बघायचं, एकाऐवजी तीनशे दिसल्या तर ‘रोलबॅक’, म्हणजे बदल मागे. मात्र ‘ड्रॉप’ (टेबलच काढणं) आणि ‘ट्रंकेट’ (टेबल रिकामं करणं) यांना रोलबॅक लागू होत नाही.

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, व्हेरिएबल थेट चिकटवू नका. गोव्यातल्या एखाद्या डिसूझांनी रोमनमध्ये आडनाव भरलं की ‘डी’पुढच्या अपॉस्ट्रॉफीवर क्वेरी तुटते. नवशिके मग ते चिन्हच काढून टाकतात, म्हणजे माणसाचं नाव बदलतात! जिथे अपॉस्ट्रॉफीने क्वेरी तुटते तिथूनच इंजेक्शनही, म्हणजे हल्लेखोराची स्वतःची आज्ञाही, घुसतं. क्वेरी आणि डेटा वेगवेगळे पाठवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, दोन्ही प्रश्न सुटतात.

पैशांच्या कॉलमसाठी अंदाजे आकडा ठेवणारं ‘फ्लोट’ नको, नेमका ठेवणारं ‘डेसिमल’ घ्या.

राहिला पासवर्ड. पासवर्डचा हॅश (मूळ पासवर्ड न दाखवणारी अक्षरांची ओळ) करायला जुनं ‘एमडी५’ सोडून ‘पासवर्ड_हॅश’ घेतलंत, उत्तम. पण त्यातल्या बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो आणि कॉलम ‘व्हारचार ५०’ (जास्तीत जास्त ५० अक्षरं) असेल तर? स्ट्रिक्ट मोड बंद असताना शेवटची दहा अक्षरं छाटली जातात, रजिस्ट्रेशन यशस्वी दिसतं आणि लॉगिन कधीच होत नाही. तुम्ही लॉगिनच्या कोडमध्ये दोन तास डोकं खुपसून बसता. कॉलम २५५ चा करा. आधी छाटलेले हॅश मात्र वाढून येणार नाहीत, त्या लोकांना पासवर्ड नव्याने ठेवायला सांगावं लागेल.