माळशेज ते भंडारदरा: दोघांसाठी मोटारसायकल आणि तंबूची तीन दिवसांची आखणी

दोघांनी एकाच मोटारसायकलवरून करायच्या मुक्कामी सहलीचा बेत बहुधा चालवणाराच आखतो, आणि पहिली चूक तिथेच होते. रस्त्यातला खड्डा चालवणाऱ्याला आधी दिसतो. मागे बसलेल्याला तो थेट पाठीच्या कण्यात कळतो. मी या सहली मागे बसून केलेल्या आहेत, त्यामुळे पुढची सारी आखणी मागच्या सीटच्या बाजूने केलेली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, कोतुळ, राजूर, भंडारदरा, घोटी आणि कसारा घाट असा फेरा तीन दिवसांत आरामात होतो. पुण्याहून येणाऱ्यांनी नारायणगावमार्गे ओतूरला यावे. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात आणि धुक्यात पुढचे वाहन दिसत नाही, म्हणून त्या दिवसांत तंबू घरीच ठेवावा. पहिले दोन दिवस शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, दर तासाला दहा मिनिटे खाली उतरावे आणि दुपारी चारच्या सुमारास मुक्कामी पोचावे. शहरातल्या हिशेबाने हे अंतर हास्यास्पद वाटेल, पण सामान लादलेल्या गाडीवर घाटातला एक तास सपाटीवरच्या दोन तासांइतका थकवतो.

सामान भरण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार पाहावा, त्यातून दोघांचे वजन वजा करावे आणि उरेल तेवढेच सामान घ्यावे. हा आकडा बहुतेकांना धक्का देतो. तंबूचे खांब, स्टोव्ह आणि पाणी अशा जड वस्तू दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगांमध्ये, शक्य तितक्या खाली आणि समतोल ठेवाव्यात. शेपटाकडच्या कॅरिअरवर फक्त स्लीपिंग बॅगांसारखे हलके सामान बांधावे, कारण मागच्या चाकाच्याही मागे गेलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि घाटाच्या वळणावर हँडल सैल वाटू लागते. मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेली हवा भरावी, मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करावे आणि चेनचा ताण तपासावा. गाडीचा मागचा भाग दबला की हेडलाइट वर उचलला जातो, म्हणून त्याचा रोखही थोडा खाली आणावा. हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे, आणि ते मागच्या व्यक्तीच्या मापाचेच हवे. मित्राकडून आणलेले सैल हेल्मेट उपयोगाचे नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू आणि दोन म्हणजे थांब, असे काही आधीच ठरवून घेतल्यास वाऱ्यात ओरडावे लागत नाही.

माळशेज चढून खुबी फाट्याला आल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय दिसतो आणि धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला जाता येते. पहिला मुक्काम इथे करावा. पाण्याकाठची मोकळी जागा मोहात पाडते, परंतु जुन्नर तालुका हा बिबट्यांचा मुलूख आहे आणि उसाच्या फडांत त्यांचा वावर असतो. त्यामुळे गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात, घरधन्याला विचारून आणि योग्य ते पैसे देऊन तंबू लावणे हेच शहाणपणाचे आहे. चुलीवरची भाकरी मिळते, हा वेगळा फायदा. अंधार पडल्यावर दुचाकीने कुठेही निघू नये.

दुसऱ्या दिवशी ओतूरहून ब्राह्मणवाडा, मुळा नदीकाठचे कोतुळ आणि राजूर असा आतला रस्ता घ्यावा. राजूरला टाकी भरून, भाजी व पाणी घेऊन पुढे भंडारदऱ्याच्या शेंडी गावाला जावे. इथे प्रवरेवर 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण, आणि त्यामागचा सुमारे 11 टीएमसीचा (11 अब्ज घनफूट पाण्याचा) आर्थर जलाशय आहे. पुढचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर शुल्क भरावे आणि तंबू कुठे चालतो हे तिथेच विचारावे. जलाशयाच्या कडेने रतनवाडीपर्यंत गेल्यास अमृतेश्वराचे हेमाडपंती मंदिर आणि मागे रतनगड, असा मुक्काम मिळतो.

जागा निवडताना धरणाचे पाणी कसे वागते हे माहीत असावे. सिंचनासाठी आवर्तने, म्हणजे ठरावीक काळाने सोडायचे पाणी, सुटत जातात तसा हिवाळ्यात जलाशय मागे सरकतो आणि काठावर वरून वाळलेला, आतून ओला गाळ उघडा पडतो. त्यात पाय रुततो, गाडी तर नक्कीच. तंबू आणि गाडी दोन्ही कठीण, उंच जमिनीवर ठेवावीत आणि साइड स्टँडखाली चपटा दगड घालावा. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरची गोष्ट निराळी आहे. तिथल्या 250 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पात खालच्या जलाशयातले पाणी पंपाने वर चढवतात आणि विजेची मागणी वाढली की पुन्हा खाली सोडतात, त्यामुळे वरच्या जलाशयाची पातळी एका दिवसातही वरखाली होते. त्याच्या काठाशी तंबू लावू नये. पोहण्यासाठी तर कोणत्याच जलाशयात उतरू नये.

रात्री थंडी चांगलीच पडते, आणि ती वरून येण्यापेक्षा जमिनीतून अधिक लागते. पांघरुणाआधी फोमच्या चटईवर पैसे खर्च करावेत. तंबूच्या वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर श्वासाची वाफ आतून थेंबाथेंबाने गळते आणि पहाटे दोघांचे भांडण होते. स्टोव्ह किंवा शेगडी ऊब मिळावी म्हणूनही तंबूत पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर जाऊन शेंडीला परत यावे आणि बारीमार्गे घोटी गाठावी. हा दिवस लांब असल्याने नऊच्या आत निघावे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा इगतपुरीहून जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यानेच कसारा घाट उतरायचा असतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेक सतत दाबून न ठेवता मध्ये मध्ये सोडावा, आणि मालट्रकच्या मागे अंतर राखावे. दोन माणसे व सामान असलेली गाडी थांबायला नेहमीपेक्षा बरीच जास्त जागा घेते. उतारावर मागच्या व्यक्तीचे सारे वजन पुढे सरकते, म्हणून तिने एक हात टाकीवर टेकवावा म्हणजे चालवणाऱ्याच्या मनगटांवर भार येत नाही.

घरी पोचल्यावर कितीही थकवा असला तरी तंबू गॅलरीत उघडून दवाचा ओलावा वाळवावा, कारण ओला गुंडाळलेला कपडा लवकरच बुरसतो, आणि गाळ उडालेली चेन त्याच संध्याकाळी पुसून तिला तेल द्यावे.