क्यूटीचे डेस्कटॉप अ‍ॅप लिनक्ससाठी स्टॅटिक लिंक कसे करावे

तुमचे अ‍ॅप दुसऱ्याच्या लिनक्सवर उघडत नाही, तेव्हा कारण बहुधा दोनपैकी एक असते: तिथे क्यूटीच्या (खिडक्या, बटणे पुरवणाऱ्या टूलकिटच्या) लायब्ररी नाहीत, किंवा तिथली जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जुनी आहे. स्टॅटिक लिंकिंगने, म्हणजे लायब्ररी अ‍ॅपच्या फाइलमध्येच (बायनरीत) घेतल्याने, पहिली अडचण सुटते, दुसरी नाही. म्हणून सगळे काही बायनरीत कोंबायचा हट्ट धरू नका. क्यूटी आत घ्या. जीलिबसी आणि ओपनजीएल (ग्राफिक्सची लायब्ररी) बाहेरच ठेवा. ओपनजीएलचा ड्रायव्हर समोरच्याच्या ग्राफिक्स कार्डानुसार अ‍ॅप सुरू झाल्यावर लोड होतो, आणि पूर्ण स्टॅटिक बायनरीत त्याचा भरवसा उरत नाही.

आधी जुने वितरण निवडा. जुन्या जीलिबसीवर बांधलेले नव्यावर चालते, उलटे चालत नाही. डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त लिनक्स वातावरणात) जीलिबसी २.३१ मिळते, म्हणजे उबुंटू २०.०४ पर्यंत मागे जाता येते. मात्र स्टॅटिक क्यूटी ६.५ ला सीमेक (बिल्ड जुळवणारे साधन) किमान ३.२१ लागते आणि डेबियन ११ मध्ये ३.१८ आहे, नवे सीमेक वेगळे बसवा.

मग एक्ससीबी (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी लायब्ररी), एक्सकेबीकॉमन (कीबोर्डसाठी) आणि फॉन्टकॉन्फिग (फॉन्टसाठी) यांची डेव्ह पॅकेजेस, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइल्स, घालून क्यूटीची कॉन्फिगर स्क्रिप्ट ‘-स्टॅटिक -रिलीज’ देऊन चालवा. शेवटी येणारा सारांश ओळीओळीने वाचा. ‘एक्ससीबी: नो’ दिसले तर तिथेच थांबा. लिबएक्ससीबी-कर्सरचे डेव्ह पॅकेज नसले की हे होते. बिल्ड बिनतक्रार पूर्ण होतो आणि अ‍ॅप उघडताना ‘प्लॅटफॉर्म प्लगइन सापडले नाही’ म्हणून कोसळते.

अ‍ॅप याच क्यूटीवर सीमेकने बांधा. एक्झिक्युटेबल क्यूटीच्या सीमेक फंक्शनने जोडले की नेहमीची प्लगइन आपोआप लिंक होतात. आयबसचे (भारतीय भाषा टाइप करायच्या साधनाचे) प्लगइन आत आले का, ते मात्र स्वतः पाहा. स्टॅटिक क्यूटी बाहेरची प्लगइन उचलत नाही, त्यामुळे ते राहिले तर आयबसने मराठी टाइप करणाऱ्याला अ‍ॅपमध्ये एक अक्षरही देवनागरीत लिहिता येणार नाही.

आता बायनरीवर एलडीडी चालवा; ही कमांड बायनरीला बाहेरून लागणाऱ्या लायब्ररी दाखवते. यादीत क्यूटीची एकही लायब्ररी नको. लिबएक्ससीबी-कर्सर दिसली तर तीही स्टॅटिक घ्या. ती पुष्कळ डेस्कटॉपांवर आधीपासून नसते. ऑब्जडंपने (बायनरीच्या आतले पाहण्याच्या कमांडने) बायनरीला लागणारी जीलिबसीची सर्वांत वरची आवृत्ती तपासा, २.३१ च्या पुढे जायला नको. खरी चाचणी क्यूटी नसलेल्या कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवरच होते.

क्यूटी एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली वापरत असाल आणि अ‍ॅपचा सोर्स बंद असेल, तर वापरकर्त्याला बदललेल्या क्यूटीशी पुन्हा लिंक करता यावे म्हणून अ‍ॅपच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेल्या, पण अजून लिंक न केलेल्या फाइल्स) द्याव्या लागतात.