न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र मोजताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एम.एस्सी.च्या मुलांना आता टिळकवाडीतल्या खोलीत बसूनही न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र काढता येतं. अॅस्ट्रोसॅट (भारताची) आणि न्यूस्टार (नासाची) या अवकाश दुर्बिणींचा जुना क्ष-किरण डेटा फुकट उतरवता येतो, त्यावर मॉडेल बसवणारं एक्सस्पेक हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण शोषतात, त्यानं वर्णपटात, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले याच्या आलेखात, खळगा पडतो; हीच शोषण रेषा, आणि तिच्या ऊर्जेवरून क्षेत्र निघतं. अडतं ते घाईपाशी. वर्णपटात खळगा दिसला की लगेच क्षेत्राचा आकडा लिहून मोकळं व्हायचं, हे प्रकल्पामागून प्रकल्पात चाललंय.

सगळ्यात मोठी चूक कंटिन्युअमची, म्हणजे रेषेखालच्या सलग वर्णपटाची. जांबोटी ओलांडून चोर्ला घाटात उतरताना दरी किती खोल, हे तुम्ही कुठल्या कड्यावरून मोजता त्यावर ठरतं. इथंही तसंच. हायईकट हे कंटिन्युअमचं मॉडेल अनेकांचं लाडकं, कारण ते पटकन बसतं. पण त्यात कटऑफ ऊर्जेपर्यंत नुसता पॉवर लॉ, म्हणजे ऊर्जेच्या घातानुसार बदलणारा सरळ नियम, असतो आणि तिथून पुढं अचानक घसरण सुरू होते. त्या सांध्यावर मॉडेलला कोपरा पडतो. ताऱ्याच्या वर्णपटाला कोपरा नसतो, म्हणून अवशेषांत (डेटा आणि मॉडेलमधल्या फरकात) नेमका तिथंच खळगा उमटतो. मुलं त्यावर जीअॅब्स हे शोषण रेषेचं मॉडेल लावतात, काय-स्क्वेअर (मॉडेल आणि डेटातल्या तफावतीचं माप) उतरतो आणि ‘रेषा सापडली’! तुमच्या रेषेची ऊर्जा कटऑफच्या एक-दोन केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आत असेल, तर ती रेषा आधी मॉडेलचीच समजा. मग एनपेक्स किंवा एफडीकट ही कोपरा नसलेली मॉडेलं लावून पुन्हा बसवा. रेषा तिथंच आणि तेवढीच रुंद राहिली तरच पुढं जा. तीन कंटिन्युअम लावल्याशिवाय रेषेबद्दल बोलूच नये, हे माझं ठाम मत.

ही चूक फक्त नवख्यांची नाही. अशी पहिलीच रेषा १९७६ साली बलूनवरच्या उपकरणानं हर्क्युलिस एक्स-१ या न्यूट्रॉन ताऱ्यात टिपली. तेव्हा ती ५८ केईव्हीच्या आसपासची उत्सर्जन रेषा म्हणून मांडली गेली. आज आपण तिला ४० केईव्हीच्या आसपासची शोषण रेषा म्हणतो. पाया कुठं धरायचा यावरच उंचवटा की खळगा हे ठरत होतं.

दुसरी चूक सूत्राची. ऊर्जा केईव्हीत आणि क्षेत्र लाख कोटी गॉसमध्ये (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) धरलं, तर क्षेत्राला ११.६ नं गुणून (१ + ताम्रसृती) नं भागलं की रेषेची ऊर्जा मिळते. ताम्रसृती म्हणजे ताऱ्याच्या गुरुत्वातून निसटताना किरणांची ऊर्जा किती घटते त्याचं माप. मुलं तो भागाकार सोडून देतात. १.४ सौर वस्तुमान आणि १० किमी त्रिज्या धरली की भाजक १.३ येतो. ३८ केईव्हीच्या रेषेला ताम्रसृती विसरलात तर ३.३ लाख कोटी गॉस, धरलीत तर ४.३. आणि हे क्षेत्र रेषा जिथं तयार होते तिथलं आहे, अख्ख्या ताऱ्याचं द्विध्रुवी (पट्टीचुंबकासारखं दोन ध्रुवांचं) क्षेत्र नव्हे.

कण कोणता, हेही तपासा. इलेक्ट्रॉनऐवजी प्रोटॉन धरला तर उत्तर १८३६ पट होतं. १ई १२०७.४-५२०९ या न्यूट्रॉन ताऱ्यात ०.७ आणि १.४ केईव्हीला रेषा आहेत. ०.७ ची रेषा इलेक्ट्रॉनची मानली तर साधारण ८ हजार कोटी गॉस येतात, आणि फिरण्याचा वेग मंदावण्यावरून निघणारा आकडाही त्याच्या जवळचा आहे. असा दुसरा स्वतंत्र पुरावा हाताशी असेल तर तो आधी पाहायचा.

पण हे मंदावण्याचं सूत्र जोडीदाराकडून वायू ओढणाऱ्या ताऱ्याला लावू नका. तिथं पडणारा वायूच ताऱ्याचा वेग कमी-जास्त करत असतो.

उपकरणाच्या खुणा ताऱ्याच्या नावावर खपवू नका. अॅस्ट्रोसॅटवरच्या लॅक्सपीसी या उपकरणात झेनॉन वायू असतो, त्याची कड (जिथं वायूचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ३४.५ केईव्हीला येते. न्यूस्टारच्या पार्श्वभूमीत २० ते ३० केईव्हीला स्वतःच्या रेषा आहेत. म्हणून आधी त्याच रिस्पॉन्स फाइलनं (उपकरण कुठल्या ऊर्जेला कसा प्रतिसाद देतं ते सांगणारी फाइल) क्रॅब नेब्युलाचा वर्णपट बसवायचा, त्यात अशी रेषा नसते. तिथंही तोच खळगा दिसला तर तो ताऱ्याचा नाही.

एफ-टेस्ट या संख्याशास्त्रीय चाचणीवर रेषा सिद्ध करू नका, इथं तिच्या अटी लागू पडत नाहीत. एक्सस्पेकमधल्या फेकइट या आज्ञेनं रेषेशिवायचे निदान हजार बनावट वर्णपट बनवा आणि त्यांत रेषा लावल्यावर काय-स्क्वेअरमध्ये योगायोगानं एवढा मोठा फरक कितीदा पडतो ते मोजा. लॅपटॉप रात्रभर चालला तर चालू द्या.

तेज बदललं की रेषाही सरकते. व्ही ०३३२+५३ हा न्यूट्रॉन तारा मोठ्या उद्रेकात उजळताना रेषा खाली येते, हर्क्युलिस एक्स-१ मध्ये उलट. त्यामुळं वेगवेगळ्या दिवसांची निरीक्षणं एकत्र करून सरासरी काढू नका.

शेवटचं, जीअॅब्सची ऊर्जा आणि सायक्लॅब्स या दुसऱ्या रेषा-मॉडेलची ऊर्जा एकाच तक्त्यात घालू नका. त्याच डेटावर सायक्लॅब्स कमी आकडा देतं. तक्त्यात मॉडेलचं नाव लिहिण्यासाठी वेगळा रकाना ठेवा.