टँकमधले मासे एकमेकांच्या मागे लागलेत? काय बघायचं, काय करायचं

एंजल माशाच्या छातीखाली ते दोन लांब दोरे लोंबतात ना, ते एके दिवशी सकाळी बघितले तर अर्धेच राहिले होते. आमच्या तीन फुटी टँकमध्ये दोन एंजल मस्त मोठे झालेले आणि त्यात मी चार टायगर बार्ब आणून सोडले, दुकानात विचारलं होतं तर म्हणाले राहतात एकत्र, काही टेन्शन नाही. तिसऱ्या दिवशी एक एंजल हीटरच्या कोपऱ्यात डोकं वर करून नुसता उभा, खाणं टाकलं तरी बाहेर येईना. तेव्हापासून कोणी विचारलं की मासे मारामारी करतायत काय करू, तर मी आधी एकच सांगतो, लगेच जाळी घेऊन टँकमध्ये हात घालू नका, आधी बघा.

बघायचं म्हणजे टँकच्या काचेला नाक लावून नाही, तसं केलं की सगळे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि भांडण थांबतं. पाच-सहा फूट लांब बसा, पंधरा-वीस मिनिटं, खोलीतली लाइट कमी करून. कोण कोणाच्या मागे जातो, आणि मुख्य म्हणजे कुठून परत फिरतो ते बघा. एकच मासा सगळ्यांना ठराविक जागेपासून हाकलत असेल, एखादी गुहा किंवा लाकडाचा कोपरा, तर तो जागेचा भांडखोर आहे, रेड टेल शार्क हमखास असं करतो. गुरामीचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो आणि खाली कोणाला फिरकू देत नाही, एंजलची जोडी जमली की पानावर नाहीतर फिल्टरच्या पाइपवर अंडी घालते आणि अर्धा टँक ताब्यात घेते, हे दोन्ही प्रजननाचे प्रकार. आणि बार्ब किंवा सर्पे टेट्रासारखे नुसतं येता जाता शेपटीला चावा घेऊन पळणारे असतील तर तो तिसरा प्रकार. कारण कळलं की उपाय आपोआप अर्धा झाला.

अजून एक, पाणी तपासा. सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, पर मिटून बसले असतील तर ते मारामारीचं नसून अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात होणारं विष) वाढल्याचं किंवा ऑक्सिजन कमी पडल्याचं असू शकतं. आजारी माशालाही बाकीचे टोचतात, म्हणजे आधी आजार आणि मग मार असं उलटंही होतं.

जखमी मासा मात्र त्याच दिवशी वेगळा काढायचा. दुसरा टँक नसला तरी चालतं, वीस लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, त्यात जुन्या टँकचंच पाणी, एक स्पंज फिल्टर आणि वरून झाकण, घाबरलेला मासा उडी मारतो. रोज थोडं पाणी बदला, नवीन पाणी अँटी-क्लोरीन घातलेलं. खडे मीठ लिटरला साधारण 1 ग्रॅम बऱ्याच माशांना चालतं, पण आधी वेगळं विरघळवून हळूहळू घाला, आणि कोरी किंवा लोच, म्हणजे तळाशी फिरणारे मासे, असतील तर मीठ नकोच. पराची कडा पांढरी पडून झिजत असेल तर फिन रॉट, म्हणजे पर कुजण्याचा आजार, सुरू झालाय, औषध त्या टबातच करायचं, मुख्य टँकमध्ये मिथिलीन ब्लू ओतलं तर फिल्टरमधले चांगले बॅक्टेरियापण जातात. मुळापासून खाल्लेला नसेल तर पर परत येतो.

आता दादागिरी करणाऱ्याचं. त्याला चार-पाच दिवस बाहेर ठेवा आणि तेवढ्यात आतली मांडणी पूर्ण बदला, दगड इकडचे तिकडे, लाकूड उलटं, झाडं हलवा. तो परत आला की त्याची जागाच सापडत नाही, आणि बाकीचे तोपर्यंत रुळलेले असतात. सोडायचं रात्री, बाकीच्यांना खायला घालून, लाइट बंद करून. नवीन मासा आणला तरी हेच करा.

मांडणी करताना एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नजरेआड झाला की पाठलाग तिथेच सुटतो. महागडं काही लागत नाही, मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा, नारळाची करवंटी चांगली उकळून भोक पाडून ठेवा, जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधा. संगमरवराचे तुकडे आणि शंख-शिंपले टाळा, पाणी जड होतं. खाणं दोन टोकांना टाका, म्हणजे एकाला दोन्हीकडे राखण करता येत नाही.

आणि संख्या. बार्ब चार ठेवणं ही माझी चूक होती. हा कळपाचा मासा आहे, आठ-दहा असले की आपसातच कुरघोडी चालते आणि दुसऱ्यांना त्रास कमी होतो, पण त्यासाठी टँक तीन फुटी हवा, दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये जेमतेम 55 लिटर पाणी मावतं, त्यात दहा बार्ब कोंबू नका. आणि कितीही असले तरी एंजलसोबत मी तरी आता ठेवणार नाही. गप्पी, मॉलीमध्ये एका नराला दोन-तीन माद्या, नाहीतर एकच मादी दमून मरते.

काही जोड्या मात्र काहीही केलं तरी जमत नाहीत. फायटर आणि रंगीत शेपटीचा गप्पी, गोल्डफिश आणि बार्ब, ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न आणि तोंडात मावणारा कुठलाही मासा. पूर्ण वाढलेला एंजल निऑनसारखा छोटा टेट्रासुद्धा गिळतो, तिथे भांडण नाहीच, ते त्याचं जेवण आहे. चायनीज अल्गी इटर लहानपणी काच साफ करतो आणि मोठा झाला की एंजलच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खातो, हे तर दुकानात कोणी सांगतच नाही.

असा मासा परत द्यायचा, तळ्यात किंवा नदीत अजिबात सोडायचा नाही. काच साफ करायला आणतात तो सकर मासा असाच कोणीकोणी सोडून सोडून आपल्याकडच्या पाण्यात पसरलाय आणि मासेमारी करणाऱ्यांची जाळी फाडतो. दुकानात आधी फोन करा, बरेच जण फुकटात घेतात, नाहीतर मासे पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्या. नेताना पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, काटे असलेला मासा असेल तर डबल पिशवी, आणि त्या दिवशी सकाळी खायला घालू नका, पिशवीतलं पाणी लगेच खराब होतं.