पिकअपचे हेडलाइट रात्रीच्या भाड्यासाठी कसे तपासावेत आणि कसे लावावेत

तासगावची द्राक्षे, वाईची हळद किंवा कोरेगावचा घेवडा संध्याकाळी भरायचा आणि उजाडण्यापूर्वी पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजारात उतरवायचा, असा सातारा-सांगली भागातील अनेक पिकअपचा क्रम असतो. तरीही गाडी घेताना चौकशी होते ती हौद्याच्या लांबीची, ॲव्हरेजची आणि स्प्रिंगच्या पाट्यांची. हेडलाइटची आठवण होते ती उजेड कमी वाटू लागल्यावर, आणि मग सरळ दुकानात जाऊन जास्त वॅटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी बसवून घेतला जातो. बहुतेक वेळा दुखणे वेगळेच असते. पिकअपचा दिवा चांगला की वाईट हे बल्बच्या तेजापेक्षा माल भरल्यावर तो उजेड रस्त्यावर नेमका कुठे पडतो यावर अधिक ठरते.

उजेड किती लांब लागतो, याचा हिशेब अवघड नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात 25 मीटर रस्ता संपतो, आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे डिपरवर, अर्थात खाली झुकवलेल्या उजेडात, निदान 50 मीटर रस्ता स्पष्ट दिसायलाच हवा. गळिताच्या हंगामात मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची दुहेरी ट्रॉली पुढे असते, तेव्हा हे अंतर किती अपुरे आहे ते कळते.

पायरी 1 : काच आणि आतला आरसा पाहावा

नव्या पिकअपच्या दिव्यांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे आवरण असते. उन्हातील अतिनील किरणांनी त्यावरचा संरक्षक थर खराब होतो आणि आवरण पिवळसर, धुरकट दिसू लागते. अशा दिव्यातून उजेड कमी बाहेर पडतो एवढेच नाही. तो चहूकडे विखुरतो, म्हणजे आपल्याला कमी दिसते आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. पाण्यात भिजवलेला 800, मग 1500 आणि शेवटी 2000 नंबरचा पॉलिश पेपर एका दिशेने हलक्या हाताने फिरवून वर पॉलिशिंग कंपाउंड लावले की आवरण पुन्हा स्वच्छ होते. त्यानंतर अतिनील किरणांना अडवणारा पारदर्शक थर मारावाच लागतो, अन्यथा काही महिन्यांतच पिवळेपणा परत येतो. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय चार दिवसांपुरता दिसायला बरा, यापलीकडे त्याला किंमत देऊ नये.

बल्ब काढून आतला चकचकीत आरसाही पाहावा. तो काळवंडला असेल किंवा त्याचा मुलामा उडाला असेल, तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. पूर्ण दिवा बदलणे हाच उपाय. आत पाण्याचे थेंब जमत असतील तर मागचे रबरी झाकण नीट बसले आहे का, हे आधी तपासावे.

पायरी 2 : बल्बपर्यंत वीज पूर्ण पोहोचते का, ते मोजावे

ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि जुन्या गाडीत सर्वांत मोठा फरक हिनेच पडतो. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो: व्होल्टेज 10 टक्क्यांनी घसरले तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर, बल्ब जोडलेला असतानाच, व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर 14 व्होल्ट असताना होल्डरवर साडेतेरा मिळत असतील तर ठीक. बारा-साडेबारावर येत असतील, तर गंजलेले अर्थिंग, करपलेला होल्डर किंवा जळालेले स्विचचे पॉइंट यांपैकी कोठेतरी वीज वाया जाते आहे. एकच दिवा मंद असेल, किंवा इंडिकेटर लावताच हेडलाइटही लुकलुकत असेल, तर पहिला संशय अर्थिंगच्या बोल्टवर घ्यावा. तो खोलून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळला की कित्येकदा काम भागते. स्विचवर भार न टाकता बॅटरीवरून थेट वीज देणारे रिले बसवून घेणे हा खर्च मात्र सार्थकी लागतो, अट इतकीच की फ्यूज टाकलेला असावा आणि काम जाणत्या इलेक्ट्रिशियनने केलेले असावे.

पायरी 3 : बल्ब निवडताना मोहात पडू नये

अनेक पिकअपमध्ये एच-4 जातीचा 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात अप्परची (लांबवर जाणाऱ्या उजेडाची) आणि डिपरची अशा दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली धातूची एक बारीक वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे आरशाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि किरण खाली, रस्त्याकडे वळतात. आरसा त्या तारेच्या ठरलेल्या जागेसाठीच घडवलेला असतो. म्हणूनच हॅलोजनच्या आरशात एलईडीचा बल्ब घातला आणि त्याच्या चिप तारेच्या जागेपासून थोड्या जरी हलल्या, तरी सगळी मांडणी विस्कटते. गाडीसमोरची दहा-पंधरा मीटर जमीन झगझगीत दिसते, चालकाला उजेड वाढल्याचे समाधान मिळते, पण जवळच्या लख्ख उजेडामुळे दूरचा अंधार डोळ्यांना आणखी गडद भासतो. कंपनीने मुळातच एलईडीसाठी घडवलेला दिवा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो चांगला असू शकतो.

90/100 किंवा 130 वॅटच्या बल्बबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की मूळ वायरिंग आणि होल्डर त्यासाठी बनलेले नसतात. होल्डर वितळतो, आरशाचा मुलामा जळतो आणि पासिंगच्या वेळी अडचण येते ती निराळीच. उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेत परस्पर बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ने मर्यादा घातली आहे. नामांकित बनावटीचा 60/55 वॅटचा बल्ब जोडीनेच बदलावा. त्याच्या काचेला बोट लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा तापून तो बल्ब लवकर जातो. तीन कानांपैकी रुंद कान वरच्या खाचेत बसवून मगच तारेची स्प्रिंग लावावी. बल्ब तिरका बसला की पुढची सगळी मेहनत वाया.

पायरी 4 : भिंतीवर रेघ पाहावी

यासाठी सपाट जमीन आणि समोर साधी भिंत हवी; मार्केट यार्डातील गोदामाची भिंत रात्री यासाठी फार सोयीची. टायरांत ठरलेली हवा भरावी, चालकाच्या जागेवर कोणाला तरी बसवावे आणि गाडी भिंतीपासून 10 मीटरवर, भिंतीला काटकोनात उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर एकेक उभी रेघ काढावी.

आता डिपर लावून एका वेळी एकच दिवा पाहावा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरला तरी चालते, मात्र तो काचेला टेकवू नये. चांगल्या डिपरच्या उजेडाला वरच्या बाजूने स्वच्छ कड दिसते. ती उजवीकडे सरळ आडवी जाते आणि डावीकडे हळूहळू वर चढते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून समोरून येणाऱ्याच्या बाजूला उजेड दाबलेला आणि आपल्या साइडपट्टीवर लांबवर पसरलेला, अशी ही योजना असते. चढ उजवीकडे दिसला, तर तो दिवा उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशासाठी बनलेला आहे. कितीही स्वस्त मिळाला असला तरी तो परत करावा. कडच दिसत नसेल आणि नुसताच उजेडाचा गोळा दिसत असेल, तर मागच्या तीन पायऱ्यांपैकी काहीतरी राहिले आहे.

ती आडवी कड खडूच्या रेघेच्या सुमारे 10 सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे 1 टक्का उतार. काही गाड्यांच्या दिव्याजवळ टक्क्यांचा हा आकडा छापलेलाच असतो. तसा असेल तर तोच धरावा. कड जिथून चढू लागते तो कोपरा उभ्या रेघेवर यावा. दिव्यामागच्या दोन स्क्रूंपैकी एक वर-खाली आणि दुसरा डावी-उजवीकडे हलवतो; अर्धा अर्धा फेरा देत जुळवावे. एच-4 मध्ये दोन्ही तारा एकाच बल्बमध्ये असल्याने डिपर जुळला की अप्परही आपोआप जुळतो.

पायरी 5 : हाच हिशेब माल भरून पुन्हा करावा

कारच्या बाबतीत काम येथे संपले असते. पिकअपचे खरे काम येथून सुरू होते. समजा, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 3 मीटर आहे आणि द्राक्षांचे क्रेट भरल्यावर मागची बाजू 6 सेंटिमीटर बसली. गाडीचे नाक 2 टक्क्यांनी वर उचलले गेले. रिकाम्या गाडीत 1 टक्का खाली झुकलेला डिपर आता 1 टक्का वर पाहू लागतो. दिवा जमिनीपासून 85 सेंटिमीटरवर असेल, तर 50 मीटरवर उजेडाची कड 135 सेंटिमीटर उंचीवर जाते, म्हणजे समोरच्या कारचालकाच्या डोळ्यांच्याही वर. डिपर दिला तरी समोरचा पुन्हा पुन्हा लाइट मारतो, आणि आपल्या चालकाला वाटते की त्यालाच घाई झाली आहे.

डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांची चकती असेल, तर ती यासाठीच आहे. रिकाम्या गाडीत 0 वर ठेवून डिपर जुळवावा, मग नेहमीचा माल भरून त्याच भिंतीसमोर चकती कोणत्या आकड्यावर कड पुन्हा 10 सेंटिमीटर खाली येते, ते पाहून तो आकडा लक्षात ठेवावा. चकती नसेल तर रात्री ज्या वजनाने गाडी जाते, त्या वजनावरच दिवा जुळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. याची किंमत परतीच्या रिकाम्या फेरीत मोजावी लागते: वरच्याच उदाहरणात उतार 3 टक्के होतो आणि डिपर जेमतेम 28 मीटरवर जमिनीला टेकतो. तेव्हा मोकळ्या रस्त्यावर अप्पर वापरावा, आणि समोरून वाहन येऊन डिपर द्यावा लागला की वेग पुरेसा उतरवावा.

पायरी 6 : घाट, धुके आणि पाऊस

पसरणी किंवा कुंभार्ली घाटात पावसाळ्याच्या दिवसांत अप्पर लावला तर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून उजेड उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. तेथे डिपरच ठेवावा. फॉग लॅम्प लावायचे असतील तर बंपरच्या खालच्या भागात लावावेत, कारण त्यांचा उपयोग मुख्यतः खाली बसवल्याने होतो. रंग पिवळा की पांढरा याला तेवढे महत्त्व नाही. टपावर बसवलेली दिव्यांची पट्टी धुक्यात तर निरुपयोगीच असते.

पाटे बदलल्यावर किंवा एखादा जादा पाटा टाकल्यावर, वेगळ्या मापाचे टायर घातल्यावर आणि बंपरला ठोकर बसल्यावर चौथी व पाचवी पायरी पुन्हा करावी. जादा पाट्याने मागची बाजू उचलली जाते, त्यामुळे जुनी जुळवणी रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही फेऱ्यांना चुकीची ठरते.