‘द मिसळ टेस्ट्स नाइसली’: लिंकिंग व्हर्बच्या या चुका टाळा

मिसळ आवडली हे इंग्रजीत सांगताना पुण्यातली मुलं हमखास ‘द मिसळ टेस्ट्स नाइसली’ म्हणतात. क्रियापदाशेजारी अ‍ॅडव्हर्बच येणार, मग ‘ली’ हवाच, असा हिशोब. पण इथे नाइस आहे ती मिसळ. ‘टेस्ट्स’ नुसता दोघांना जोडतो (अशा जोडणाऱ्या क्रियापदालाच लिंकिंग व्हर्ब म्हणतात), म्हणून ‘टेस्ट्स नाइस’.

घोळ घालतो तो आपला ‘छान’. छान मिसळ, छान लागते, छान गाते, सगळीकडे शब्द तोच. त्याजागी ‘चांगला’ घाला. मुलगा चांगला दिसतो, मुलगी चांगली दिसते. शब्द कर्त्याप्रमाणे बदलला, म्हणजे विशेषण, म्हणून ‘शी लुक्स गुड’. ‘चांगलं गाते’ हे गाण्याबद्दल, म्हणून ‘शी सिंग्ज वेल’. (बोलताना आपण ‘चांगली गाते’ही म्हणतो, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नका.)

त्याहून पक्की कसोटी ‘इज’ची. ‘द टी स्मेल्स गुड’मध्ये ‘स्मेल्स’ काढून ‘इज’ बसवा, वाक्य चालतं. ‘शी टेस्टेड द मिसळ’मध्ये ‘वॉज’ बसवलंत की बाईंचीच मिसळ होते! तिथे टेस्ट ही खरी क्रिया. लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, ग्रो, टर्न ही सगळी अशी दुहेरी. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती चिडलेली दिसली. ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द मीटर’ म्हणजे तिने रिक्षाच्या मीटरकडे रागाने पाहिलं. दोन्ही बरोबर. ‘शी लुक्स वेल’ही बरोबर, पण त्याचा अर्थ तिची तब्येत बरी दिसते.

‘ही इज लुक्स टायर्ड’ किंवा ‘आय अ‍ॅम बिलाँग टू सदाशिव पेठ’ यात ‘इज’, ‘अ‍ॅम’ फुकटचे. ‘आहे’च्या सवयीने ते घुसतात. प्रश्नातही ‘इज ही लुक टायर्ड?’ नको, ‘डज ही लुक टायर्ड?’ म्हणा.

‘लुक्स लाइक गुड’ही चूक. लाइक नामाआधी येतो: ‘लुक्स लाइक अ डॉक्टर’.

‘झाला’ मात्र सरसकट ‘बिकेम’ नव्हे. उशीर झाला ‘इट गॉट लेट’, लग्न झालं ‘दे गॉट मॅरीड’, पानं पिवळी झाली ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’. डॉक्टर झाली याला ‘बिकेम’ चालतं, फक्त ‘शी बिकेम अ डॉक्टर’मधला ‘अ’ गिळू नका.